इंजिनाबद्दल मी ठाम आहे, पुढच्या एक्सलबद्दल तुमचं बरोबर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घ्या असं लिहून मी लोकांना खड्ड्यात घालतो, इंजिन कधी दगा देईल सांगता येत नाही, पार्ट कुठेच मिळत नाहीत आणि तुमचा ट्रॅक्टर ऐन सोयाबीनच्या पेरणीत अठरा दिवस उभा राहिला, असं तुम्ही लिहिलंय. वापसा आलेला असताना ट्रॅक्टर शेडमध्ये उभा बघणं काय असतं ते मला माहीत आहे. तुमच्या रागाचं मला वाईट वाटलेलं नाही.

पण काय तुटलं तेही तुम्हीच पुढे सांगितलंय: पुढच्या एक्सलचं क्राउन-पिनियन, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणारी दातेरी चाकांची जोडी. इंजिन नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. इंजिन त्याच मॉडेलच्या साध्या टू-व्हील ट्रॅक्टरमध्येही बसलेलं असतं आणि ते हजारोंनी विकले गेलेले असतात. म्हणून लायनर, पिस्टन, रिंगा, शेल यांना कायम गिऱ्हाईक असतं. मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टरमधलं सिम्पसनचं तीन सिलेंडरचं इंजिन पर्किन्स या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातलं, त्याचं किट गावोगाव मिळतं. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, तरी त्या इंजिनांचे लायनर-पिस्टन बाहेरचे कारखाने आजही बनवतात. डिझेल पंप बहुतेक जुन्या गाड्यांना मायको (बॉश) कंपनीचा, आणि तो उघडून सेट करणारे इंदुरात आहेत. 1 जानेवारी 2023 पासून 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम-4 नियम लागू झाले. त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक्स आलं, बिघाड शोधायला लॅपटॉप लागतो. जुन्याला पाना पुरतो.

मग जुनी इंजिनं दगा देतात का? देतात, पण वयाने कमी आणि धुळीने जास्त. इंदूरजवळच्या देपालपूरकडचा एक ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून मी मिस्त्रीला घेऊन गेलो होतो. मालक इंजिनाचा आवाज ऐकवत होता. मिस्त्रीने तिकडे लक्षही दिलं नाही. एअर क्लीनरची वाटी उतरवली, तळाशी तेलाऐवजी काळा चिखल. मग क्लीनरमधून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवलं, बोटावर पिठासारखी बारीक माती आली. "इसने मिट्टी पी है," एवढंच म्हणाला. नंतर ब्रीदरवर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर, तळवा धरला तर धुराचे भपके. आम्ही परत आलो. मॉडेलबद्दलच शंका असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राचा परीक्षण अहवाल बघावा. तिथे इंजिन खोलून झीज मोजतात.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते सांगतो, कारण त्या लेखात मी ते लिहायला हवं होतं. फोर-व्हील गाड्या कमी विकल्या गेल्या, त्यामुळे पुढच्या एक्सलचे पार्ट दुकानदार ठेवत नाही. मी स्वतः हे भोगलंय. पुढचे टायर झिजले म्हणून दुसरे घातले, रिम तीच पण टायरची उंची थोडी वेगळी. त्यावर फोर-व्हीलची दांडी (पुढची चाकं इंजिनाला जोडणारा लिव्हर) लावलेलीच ठेवून भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याने आणत राहिलो. एका हंगामात पिनियनचे दात गेले आणि पार्टसाठी तीन आठवडे थांबलो.

पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी जास्त वेगाने ओढतात, साधारण 1 ते 5 टक्के. टायर बदलले की हे गणित बिघडतं. तपासायला खडू पुरतो. चाकांवर खुणा करा, दांडी सोडून शेतात सरळ चालवा आणि मागच्या चाकाच्या 10 फेऱ्यांत पुढच्याच्या किती होतात ते मोजा. मग दांडी लावून तेच करा. आधी साडेचौदा आणि नंतर 14.9 आल्या तर फरक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक. दुसरा आकडा कमी आला किंवा पाच टक्क्यांच्या वर गेला, तर तो ट्रॅक्टर टायर बदलल्याशिवाय घेऊ नका. आणि कडक रस्त्यावर दांडी सोडायचीच.

ते अठरा दिवस मात्र वाचले असते. माझ्या त्या तीन आठवड्यांत आमच्या मिस्त्रीने पुढे जाणारा शाफ्ट उतरवला, तुटलेला पिनियन आणि दातांचे तुकडे बाहेर काढले, भोकावर पत्र्याचं झाकण बसवून तेल भरलं. ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवर चालला आणि पेरणी त्यावरच झाली. हे आधी लिहिलं असतं तर तुमच्या कामी आलं असतं, याची मला खरंच खंत आहे.

तुमच्या पार्टचं अजून अडलेलं असेल तर एक करा. एक्सलच्या नळीवर छोटी पत्र्याची पट्टी असते, ती डिझेलने पुसून घ्या. तिच्यावर एक्सल बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर असतो. पुष्कळ ट्रॅक्टर कंपन्या एक्सल बाहेरून घेतात. पुण्याजवळ रांजणगावला कॅरारो या एक्सल बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे, तो अनेकांना पुरवतो. ट्रॅक्टरच्या नावाने विचारलं की दुकानदार मान हलवतो, त्या नंबराने विचारलं की निदान कॅटलॉग उघडतो. पट्टीचा फोटो पाठवा. शनिवारी मी इंदुरात नवलख्याला पार्टवाल्यांकडे जातोच आहे, तुमचंही विचारून येतो.