‘खरं इंजिन बिडाचंच’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनी गाडी बघायला निघालेल्या माणसाला हा मेसेज कुणी ना कुणी पाठवतोच. मजकूर थोडक्यात असा: खरं इंजिन बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं. कंपन्यांनी पैसे वाचवायला ॲल्युमिनियमचे ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ठोकळा) आणले. ॲल्युमिनियम मऊ, पिस्टनने झिजतं. एकदा गरम झालं की वाकतं. बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कोरून मोठा करणं) होत नाही, म्हणजे वापरा आणि फेका. तेव्हा गाडी घेताना एकच विचारा, ब्लॉक कशाचा?

ब्लॉकच्या धातूने फरक पडतो, चांगलाच पडतो. पण मेसेजवाले म्हणतात तिथे नाही.

‘मऊ धातू झिजतो.’ बहुतेक ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये पिस्टनच्या रिंगा ॲल्युमिनियमला लागतच नाहीत. सिलिंडरच्या जागी बिडाचे लायनर, म्हणजे नळकांडी असतात, बरेचदा ब्लॉक ओततानाच आत धरलेले. म्हणजे रिंग घासते ती बिडावरच. शिवाय ब्लॉकचं ॲल्युमिनियम म्हणजे पातेल्याचं ॲल्युमिनियम नव्हे. त्यात सिलिकॉन, तांबं, मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणात असतं.

‘पैसे वाचवायला आणलं.’ उलटं आहे. किलोमागे ॲल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी महाग. ज्याला निव्वळ पैसेच वाचवायचेत तो मुकाट्याने बीड ओतेल. कंपनीला उतरवायचं असतं वजन, कारण मायलेज आणि धुराचे नियम दोन्ही त्यावर येऊन अडतात. महिंद्राने २०२२ च्या स्कॉर्पिओ क्लासिकमध्ये पूर्ण ॲल्युमिनियमचं एमहॉक हे डिझेल इंजिन घातलं, ते आधीच्यापेक्षा ५५ किलोंनी हलकं होतं.

‘गरम झालं की वाकतं.’ ह्यात तथ्य आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पण बिडाच्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या इंजिनांचं हेडही (ब्लॉकवरचं झाकण) बहुतेकदा ॲल्युमिनियमचंच असतं. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या: ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. एक जास्त फुगतं, दुसरं कमी, आणि दोघांच्या मधली सीलबंद करणारी चकती, गॅस्केट, बिचारी रगडली जाते. गॅरेजात फेसिंगला (वाकलेलं तोंड घासून सपाट करायला) जातं ते बहुतेक वेळा हेड. नाव मात्र ब्लॉकचं निघतं. आणि बीड वाकत नसलं तरी तडकतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतून पाहा, नको, ओतू नकाच.

ॲल्युमिनियमची बदनामी जिथून सुरू झाली ते उदाहरण अमेरिकेतलं. शेव्हरोलेने १९७० मध्ये व्हेगा बाजारात आणली. २.३ लिटरच्या तिच्या इंजिनाचा ब्लॉक सुमारे १७ टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचा होता आणि त्यात लायनरच नव्हते. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावरून ॲल्युमिनियमचा पातळ थर रसायनाने खाऊन काढायचा, सिलिकॉनचे कठीण कण उघडे पाडायचे आणि पिस्टन त्यांच्यावर चालवायचे, अशी ती युक्ती. ह्या गाड्या तापल्या, तेल प्यायल्या, बदनाम झाल्या. पण रेडिएटर तोकडा होता, कूलंट कमी झालेलं चालकाला कळत नव्हतं, व्हॉल्व्हची सीलं तेल सोडत होती. वर हेड बिडाचं. १९७६ पर्यंत कंपनीने बरंच काही दुरुस्त करून त्याच धातूच्या ब्लॉकवर पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांची वॉरंटी दिली. तोवर गिऱ्हाइकाचं मन उडालं होतं. तिकडे पोर्शने १९७७ मध्ये त्याच जातीचा, बिनलायनरचा ब्लॉक ‘९२८’ नावाच्या गाडीत घातला आणि ती १९९५ पर्यंत विकली. तोच धातू, इंजिनाभोवतीचं कूलिंग वेगळं.

धातूच नडला असं उदाहरण हवं असेल तर ते नव्वदच्या दशकातल्या काही बीएमडब्ल्यू आणि जॅग्वार इंजिनांचं घ्या. बोअरवर निकेलचा मुलामा होता. पेट्रोलमध्ये गंधक जास्त असलेल्या देशांत तो मुलामा खराब व्हायला लागला, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गेला, गाडी चालू होईना. पुढे दोघांनीही तो मुलामा सोडला. इथेही ‘ब्लॉक कशाचा’ विचारून काही हाती लागलं नसतं. विचारायला हवं होतं, बोअरच्या आत काय आहे.

‘बोअरिंग होत नाही.’ हा मुद्दा अर्धा मान्य. बिडाच्या ब्लॉकला बोअर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं तालुक्याच्या गावीही होतं. ॲल्युमिनियममधले ओतीव लायनर पातळ असतात, काही कंपन्या ओव्हरसाइझ पिस्टन देतच नाहीत, मग नवीन स्लीव्ह (नवं नळकांडं) ठोकावी लागते. काम होतं, पण चांगलं मशीन शॉप शोधावं लागतं आणि खर्च दुखतो.

आता सगळ्यात मोठी गफलत: ‘बीड’ म्हणजे जणू एकच धातू. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला ओतकामाच्या भट्टीवर काम करणाऱ्याला हे सांगून बघा, हसेल. साध्या करड्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन, दोनेक टक्के सिलिकॉन. कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला. ते पापुद्रे कंपनं गिळतात, म्हणून बिडाचं इंजिन शांत वाटतं. ओतण्याआधी वितळलेल्या बिडाच्या रसाचा पाचरीच्या आकाराचा नमुना ओततात, थंड झाला की फोडतात आणि तुटलेल्या तोंडाकडे बघतात. पाचरीच्या टोकाकडचा पांढरा भाग किती खोल गेलाय, त्यावरून रस ठीक आहे की नाही ते ठरतं. पांढरं जास्त दिसलं तर ओतीव काचेसारखं कडक होतं आणि मशीनवर टूल मोडत सुटतात. त्याच रसात अगदी काटेकोर मोजून मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट आखूड, जाड, किड्यांसारखं वळलेलं बनतं आणि बीड कितीतरी ताकदवान होतं. ऑडीच्या ३ लिटर डिझेल व्ही-६ चा ब्लॉक असल्या बिडाचा आहे. मॅग्नेशियमची चूक टक्क्याच्या हजाराव्या हिश्शाची झाली तरी ते पुन्हा साध्या बिडाकडे झुकतं.

ट्रक-ट्रॅक्टरला आजही बीडच, हे खरं. सिलिंडरमधला दाब प्रचंड, आणि दहा-पंधरा टन वाहणाऱ्या गाडीला इंजिनाचे शंभर किलो जड नाहीत.

राहता राहिली ‘कास्ट आयर्न’ बुलेट, जिच्यासाठी लोक लाखभर जास्त मोजायला तयार असतात. तिचं बीड आहे ते फक्त बॅरलला, म्हणजे सिलिंडरच्या नळीला. खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, ॲल्युमिनियमची, हेडही ॲल्युमिनियमचंच.