मिसळ तर त्या भाषेतच आहे

जेरुसलेमची गायिका यास्मिन लेव्ही हिनं लादिनो या ज्यूंच्या जुन्या स्पॅनिश बोलीतल्या गाण्यांत फ्लेमेन्को हे दक्षिण स्पेनचं संगीत आणून मूळ बाज बिघडवला, हे तिच्यावरच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी ही भाषा तुर्कस्तानापर्यंत नेली, तिच्यात तुर्की-हिब्रू शब्द केव्हाच मुरले. तिथे सोवळं कसलं पाळायचं?

यास्मिनचे वडील यित्झाक लेव्ही यांनी ही गाणी गावोगावच्या लोकांच्या तोंडून टिपून ठेवली. ती जेमतेम वर्षाची असताना ते गेले. ‘सेंतीर’ (२००९) या अल्बममध्ये ती एक गाणं त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणासोबत गायली आहे. वडिलांच्या आवाजाशेजारी लेकीचा आवाज येतो, तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात. लेखात त्या गाण्याचा साधा उल्लेखही नसावा, याचं फार वाईट वाटलं.