शून्याच्या तळ्यात-मळ्यात

थंडीने रस्ते फुटतात असं म्हणणं हा थंडीवर सरसकट अन्याय आहे. उणे पंधरावर ठाण मांडून बसलेली कडकडीत थंडी रस्त्याच्या वाटेला फारशी जात नाही. तिच्यात जे गोठतं ते गोठून राहतं : पाणी, चिखल, माणसं आणि दुरुस्तीच्या फायली. रस्त्याचा खरा कर्दनकाळ म्हणजे शून्य अंशाच्या अलीकडे-पलीकडे तळ्यात-मळ्यात खेळणारं हवामान. दुपारी अधिक दोन, रात्री उणे तीन. दुपारी बर्फ वितळून पाणी डांबराच्या भेगेत उतरतं, रात्री तिथेच गोठतं, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. दुसऱ्या दिवशी भेग थोडी रुंद, तिच्यात पाणी थोडं जास्त, रात्री बर्फही जास्त. ये रे माझ्या मागल्या. होता होता खालची खडी-माती सैल होते, बर्फ वितळला की आत पोकळी राहते, आणि वरून एखादा ट्रक गेला की खड्ड्याचं रीतसर उद्घाटन होतं.

त्यात मिठाची भर. लोक घसरू नयेत म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते योग्यच आहे. रस्ता पुन्हा करता येतो, माकडहाड नाही. पुरेसं खारट पाणी पार उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणजे ज्या रात्री रस्ता निमूटपणे गोठून पडला असता, त्या रात्रीही त्याच्या भेगांत पाणी खेळतं राहील याची सोय आपणच करून ठेवतो. पुढे ते पातळ झालं की गोठायला मोकळं. उरलीसुरली कसर बर्फ हटवणाऱ्या गाडीचं पातं भरून काढतं. सुटत आलेली डांबराची कड दिसली की ते तीही बर्फासोबत उचलून बाजूला लावतं.

वितळलेल्या पाण्याने भरलेला खड्डा आणि साधं डबकं दिसायला सख्खे भाऊ. एकातून गेलं की चाकं धुऊन निघतात, दुसऱ्यातून गेलं की नुसतीच निघतात. बायको शेजारी बसून फक्त “अहो!” म्हणते. खड्डा डावीकडे आहे की उजवीकडे, हे मला आता त्या ‘अहो’च्या चढ-उतारावरून कळतं. खोली गाडी सांगते.

शेवटी संबंधित खात्याला फोन केला.

“खड्ड्याची खोली?”

“मोजली नाही.”

“अंदाजे?”

“बूट बुडाला.”

“घोट्याचा की गुडघ्यापर्यंतचा?”

एवढ्या बारकाईने माझी चौकशी डॉक्टरांनीही कधी केली नव्हती.

आणि खरंच माणसं आली. एक ट्रक, त्यात काळ्या मालाचा ढीग, दोन फावडी. खड्ड्यात पाणी होतं, पाण्यावर बर्फाची पापडी. एकाने फावड्याच्या टोकाने ती फोडली आणि सरळ माल लोटायला सुरुवात केली. मला राहवेना.

“पाणी काढायचं नाही का आधी?”

“काढलं तर परत भरतं, साहेब.”

“कडा चौकोनी कापायच्या, आतून कोरडं करायचं, डांबराचा हात मारायचा...”

“ते उन्हाळ्यात.”

त्याने माल रस्त्यापेक्षा बोटभर उंच ठेवला, फावड्याच्या पाठीने थापला आणि ट्रकवाल्याला हात केला. ट्रक त्यावरून पुढे गेला, मागे आला. रोलर म्हणतात तो हाच.

“किती टिकेल?”

त्याने आभाळाकडे पाहिलं. “पुन्हा वितळेपर्यंत.”

इतकं प्रामाणिक उत्तर मला आजवर कुठल्याही खिडकीवर मिळालेलं नाही. शिवाय तो बरोबर होता. पक्क्या कामाचं डांबर-खडीचं मिश्रण दीडशेएक अंशांना तापवून आणावं लागतं, आणि अशा थंडीत ते दाबून बसायच्या आतच निवतं. म्हणून ते बनवणारे कितीतरी प्लांट हिवाळ्यात बंदच असतात. उरतं ते कोल्ड मिक्स. ते गारठ्यातही मऊ राहतं, म्हणून थापता येतं. आणि मऊ राहतं म्हणूनच ओल्या खड्ड्यातून चाकासोबत फिरायला निघतं. काही दिवसांनी आमचं ठिगळ शेजाऱ्यांच्या फाटकासमोर सापडलं.

शेजाऱ्यांचं मत, सगळा दोष त्या खात्याच्या ट्रकचा. यात तथ्य आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ढोबळ हिशोब असा, की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. वितळणीच्या दिवसांत तर वरचा थर सुटलेला, खालचा अजून गोठलेला, आणि मधल्या पाण्याला जायला वाट नाही. म्हणून अनेक थंड प्रदेशांत त्या काळापुरती जड वाहनांवर बंधनं घालतात. हे सगळं मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून ते माझ्या गाडीच्या वजनाची चौकशी करतात.

उन्हाळ्यात पक्कं काम झालं. कडा कापल्या, हॉट मिक्स आलं, खराखुरा रोलर आला. मात्र जरा पुढे केसाएवढ्या भेगा दिसत होत्या. हिवाळ्याआधी त्यांत डांबर भरून घेतलं तर पाणी आत शिरत नाही आणि पुढचं रामायण टळतं. म्हणून थंडी पडायच्या आत मी त्याच खात्याला फोन केला.

“खड्डा कुठे आहे?”

“अजून पडलेला नाही.”

“मग तक्रार काय आहे?”

“पडणार आहे.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“खोली?”