‘देअर’नंतर एकवचनच? मग दोन भावांचे ट्रॅक्टर किती?

जळगाव-भुसावळकडच्या स्पोकन इंग्लिशच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. म्हणे देअर, अवर, युअर यांच्यापुढची वस्तू माणशी एकच असेल तर नाम एकवचनीच हवं. ‘द स्टुडंट्स रेज्ड देअर हँड्स’ म्हटलं की प्रत्येकाने दोन्ही हात वर केले असा अर्थ होतो. ‘दे लॉस्ट देअर लाइव्ज’ तर साफ चूक, कारण जीव एकच असतो!

आधी जिवाचंच बघू. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या शेवटी सह्या करणारे एकमेकांना शब्द देतात तो ‘अवर लाइव्ज, अवर फॉर्च्युन्स अँड अवर सेक्रेड ऑनर’ यांचा. जीव माणशी एकच, तरी लाइव्ज. ऑनर तेवढा एकवचनी, कारण अब्रू मोजत नाहीत.

हातांचं म्हणाल तर मराठीतही ‘मुलांनी हात वर केले’ असंच म्हणतो. तेव्हा कुणाला दोन-दोन हात दिसतात का? घोळ होतो तो दुसरीकडे. आपण ‘आपापली वही काढा’ म्हणतो आणि ‘आपापली’मुळे वही एकवचनात राहून भागतं. इंग्रजीत देअर-युअरला ही सोय नाही, म्हणून वाटणी नामावरच दाखवायची. श्रावणात खानदेशातली कानबाई देवी डोक्यावर घेऊन बोळवायला निघालेल्या बायांबद्दल लिहायचं तर ‘ऑन देअर हेड्स’. ‘हेड’ लिहिलं तर कुणी सगळ्यांना मिळून एक डोकं समजणार नाही, पण वाचताना खटकतं. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या इंग्रजीच्या थोरल्या व्याकरणात या अनेकवचनाला ‘डिस्ट्रिब्यूटिव्ह’, म्हणजे वाटणीचं, म्हटलंय. ‘रेज्ड देअर हँड’ही तिथे चालतं. म्हणजे एकवचनाला मुभा आहे, सक्ती नाही.

‘विथ देअर वाइव्ज’ म्हणजे प्रत्येकाला चार बायका, हा पोस्टमधला विनोद जुनाच. पण त्यामागची शंका अगदीच पोकळ नाही. ‘द फार्मर्स सोल्ड देअर ट्रॅक्टर्स’ यावरून एकेकाने एक विकला की दोन, ते कळत नाही. स्पष्ट हवं असेल तर ‘ईच फार्मर सोल्ड अ ट्रॅक्टर’ म्हणा. पोस्टचा उपाय मात्र दुखण्यापेक्षा वाईट. रावेरकडचे दोन भाऊ घ्या. ‘द ब्रदर्स सोल्ड देअर ट्रॅक्टर’ म्हटलं की कुणीही समजेल, ट्रॅक्टर सामाईक होता. वाटण्या झाल्या, दोघांनी आपापला घेतला आणि आपापला विकला, तर ‘ट्रॅक्टर्स’. पोस्टचा नियम पाळला तर सामाईक आणि वेगळं यातला फरकच पुसला जातो. सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या मुलखात तरी हे परवडायचं नाही. याच न्यायाने सख्ख्या भावांची ‘देअर मदर’ एकवचनी, कारण आई एकच. वर्गातल्या मुलांच्या ‘देअर मदर्स’.

‘अर्न देअर लिव्हिंग’, ‘लॉस्ट देअर वे’ हे पुरावे पोस्टमध्ये दिलेत. ते ठरलेले वाक्प्रचार, तसेच पाठ करायचे. त्यावरून नियम निघत नाही.

उरला फॉर्मवरचा ‘राइट युअर नेम’. तिथे ‘युअर’ म्हणजे फॉर्म भरणारा एकटा माणूस. हीच सूचना सरांनी अख्ख्या वर्गाला दिली की ‘राइट युअर नेम्स’ होतं.