‘तीस टक्के बदला आणि खुशाल विका’ हे खरं नाही

घरी टी-शर्ट, मग, कीचेन करून विकणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: ‘आवडत्या कलाकाराचा फोटो नेटवरून घ्या, त्यात तीस टक्के बदल करा नाहीतर स्वतः चित्र काढा, क्रेडिट द्या आणि खुशाल विका. घरगुती विक्रीला कॉपीराइट लागत नाही.’ मीही अशाच वस्तू बनवते, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही. मेसेज पाठवणाऱ्याचं काही जात नाही, गोत्यात येतो तो त्यावर विसंबून पन्नास टी-शर्ट छापणारा.

आधी ते तीस टक्के. असा आकडा भारताच्या, ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. नामांकित अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलनं गायक प्रिन्सचं चित्र लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेल्या फोटोवरून केलं. धड काढून नुसता चेहरा ठेवला, रंग पार बदलले. तरी ते चित्र एका मासिकाला पैसे घेऊन वापरायला दिल्याच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूनं कौल दिला. वॉरहॉलच्या चित्राचं हे झालं, तर फोनवर फिल्टर मारून आपण कुठे पोहोचणार?

‘स्वतः चित्र काढा’ हा सल्ला सगळ्यात जास्त पटतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. फोटोवर हक्क फोटोग्राफरचा, पण चेहऱ्यावरचा हक्क ज्याचा चेहरा त्याचा. हे दोन हक्क वेगवेगळे आहेत. गॅरी सॅडरप या चित्रकारानं ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचं कोळशानं चित्र काढलं आणि त्याचे टी-शर्ट छापून विकले. रेघ न् रेघ त्याच्या हातची होती. ते तिन्ही नट तेव्हा हयातही नव्हते. तरी २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याचं कसब कुणी नाकारलं नाही, पण चित्रात हुबेहूब चेहऱ्यापलीकडे नवं काही नाही, आणि टी-शर्ट खपतात ते त्या चेहऱ्यांमुळे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. नफ्याचे ७५,००० डॉलर आणि वर वकिलांच्या फीचे १,५०,००० त्याच्या डोक्यावर बसले.

याच्या उलट बाजूनंही तेच घडतं. ब्रिटनमध्ये टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानसाखळीनं गायिका रिहानाचा फोटो टी-शर्टवर छापला तो फोटोग्राफरकडून रीतसर परवानगी घेऊन. रिहानाला मात्र विचारलं नव्हतं. हा माल तिच्याच संमतीनं आलाय असा गिऱ्हाइकाचा समज होतो, या मुद्द्यावर टॉपशॉप २०१३ मध्ये हरलं आणि २०१५ मध्ये अपिलातही हरलं.

क्रेडिटचं म्हणाल तर नाव लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. ‘फोटो अमक्याचा’ असं लिहून आपण एवढंच कबूल करतो की तो आपला नाही हे आपल्याला ठाऊक होतं.

आणि ‘घरगुती’ विक्री? भारताच्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. यापेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण धंद्यात नफ्यासाठी ते केलेलं नसेल तरच. आपण तर विकायलाच बसलोय. चेहऱ्याच्या हक्काबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूनं मनाईहुकूम दिलेत.

‘सगळेच तर विकतात’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की त्यातल्या काहींकडे लायसन्स असतं आणि बाकीच्यांची तक्रार अजून झालेली नसते.

माल आधीच छापून झाला असेल तर विक्री आजच थांबवा. नोटीस आलीच तर फाडू नका आणि घाबरून परस्पर माफीनामाही लिहून देऊ नका. किती नग छापले, किती गेले याचा हिशेब काढा आणि तो घेऊन वकिलाकडे जा.