गुडघ्याचं 'वंगण' आणि माझी डबी

जिना उतरताना गुडघा कुरकुरायला लागला की भेटेल तो डॉक्टर होतो. "वंगण संपलंय, ग्लुकोसामाइन सुरू कर." केलं. सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं हे पूरक. सात महिने रोज, घशात अडकणारी ती जाडजूड गोळी. पहिल्याच महिन्यात इतकं बरं वाटलं की मी आणखी चौघांच्या गळ्यात तीच मारली. त्या चौघांनो, माफ करा.

मुळात हे 'वंगण'च फसवं आहे. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोसतो सांध्यातला द्रव, आणि तो तिच्यात झिरपायला सांधा हलावा लागतो.

अमेरिकेत सरकारी पैशातून 'गेट' नावाची मोठी चाचणी झाली, 2006 साली निकाल आला. गुडघेदुखीचे 1,583 रुग्ण, 24 आठवडे. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी 64 टक्के लोकांचं दुखणं निदान 20 टक्क्यांनी उतरलं. झकास! पण औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतही 60 टक्के लोकांना तेवढाच आराम पडला. माझा तो पहिला महिना या साठातलाच. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (तसंच आणखी एक पूरक) एकत्र घेऊन फरक दिसला होता, विकणारे तेवढंच उचलतात. 2019 मध्ये तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मात्र गुडघ्यासाठी ही दोन्ही घेऊ नका असंच सांगितलं.

गुडघेदुखीवर हळदीतल्या कर्क्युमिनचे छोटे अभ्यास जरा बरे आहेत. पण जास्त शोषली जाणारी कॅप्सूल घेऊन यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत, तेव्हा 'नैसर्गिक आहे' म्हणून डोळे झाकून गिळू नका. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लुकोसामाइनला हात लावू नका.

गोळीने माझं काही बिघडवलं नाही. राग आहे तो माझाच. "गोळी घेतेय ना" म्हणत मी फिजिओथेरपीचे व्यायाम सात महिने टाळले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. इतकं कंटाळवाणं की गोळी बरी वाटते! आता दोन महिने नेमाने करतेय. जिन्याचा कठडा धरणं सुटलंय. हेही त्या साठातलंच असेल म्हणता? असेना. कुरकुर मात्र आहे तशीच आहे.