खोबरेल, हवाबंद पिशवी आणि मिठाची पुरचुंडी: पावसाळ्यात चामडं असं टिकत नाही

मे संपत आला की सोसायटीच्या, ऑफिसच्या, ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर साधारण असा असतो: चामड्याचं जाकीट, बूट, बेल्ट, पर्स यांना पावसाआधी खोबरेल तेल चोळा. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, आत दोन डांबराच्या गोळ्या आणि मिठाची पुरचुंडी टाका, पिशवी माळ्यावर ठेवून द्या. एसीच्या खोलीत अजिबात ठेवू नका, थंडीने चामडं तडकतं. एवढं करूनही बुरशी आलीच तर वस्तू दिवसभर कडक उन्हात किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी मरते.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात वाद नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक सूचना मुंबईच्या हवेत उलटी पडते. दरवर्षी गणपतीच्या आसपास चांगली चांगली जाकिटं, वडिलांनी जपून वापरलेल्या बॅगा, मनालीच्या सहलीसाठी हौसेने घेतलेले बूट माळ्यावरून खाली येतात ते हिरवट-पांढरे होऊन. हे टाळता येतं, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

आधी बुरशी कशी येते ते बघू. चामडं म्हणजे कमावलेली कातडी, प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. हे जाळं हवेतलं पाणी सतत घेत आणि सोडत असतं. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, ते कोणाच्याही घरातून हद्दपार होत नाहीत. त्यांना रुजायला लागते ती ओल. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली की त्यांचं काम सुरू होतं. मुंबईत पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. मधल्या चार महिन्यांत सकाळची आर्द्रता ८५-९० टक्के असणं ही रोजचीच गोष्ट. तेव्हा प्रत्येक उपायाला विचारायचा प्रश्न एकच: याने चामड्यातली ओल कमी होते का?

खोबरेल तेलाने होत नाही. तेलाच्या थरामुळे पाण्याचे थेंब थोडे घरंगळतील, पण हवेतली वाफ चार महिन्यांत आत शिरतेच. वर तेल हे बुरशीचं खाणं. बुरशी चामड्यावर येते तेव्हा आधी कुठे येते ते नीट पाहा: जाकिटाच्या कॉलरवर, बाहीच्या टोकांना, काखेत, बुटाच्या जिभेखाली. म्हणजे जिथे घामाचा आणि तेलाचा अंश मुरलेला असतो तिथे. पावसाच्या तोंडावर सगळ्या जाकिटाला खोबरेल चोळणं म्हणजे सगळ्या जाकिटाची कॉलर करून ठेवणं.

खोबरेलाचे आणखी दोन त्रास आहेत. फिकट रंगाचं चामडं, विशेषतः बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं, तेल पिऊन काळपट पडतं आणि ते डाग पुन्हा जात नाहीत. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. थंड खोलीत ठेवलेल्या वस्तूवर मग पांढरी भुकटी दिसू लागते आणि माणूस ‘बुरशी आली’ म्हणून आणखी तेल लावतो. ही भुकटी स्निग्धाची की बुरशीची, हे ओळखणं सोपं आहे. हेअर ड्रायर मंद गरम करून हातभर लांबून दाखवा. पांढरेपणा विरघळून चामड्यात जिरला तर ते स्निग्ध होतं. जसाच्या तसा राहिला, गोल गोल ठिपक्यांत असला आणि कुबट वास आला, तर बुरशी.

पितळी बकल किंवा रिव्हेटच्या कडेला कधी कधी हिरवं मेणासारखं काहीतरी जमतं, तेही बुरशी नाही. पितळातल्या तांब्याचा चामड्यातल्या स्निग्धांशाशी संयोग होऊन ते तयार होतं. लाकडी टूथपिकने खरवडून कोरड्या फडक्याने पुसलं की निघतं. जितकं तेल जास्त तितकं ते लवकर परत येतं.

आता हवाबंद पिशवी. सगळ्यांत जास्त नुकसान हिने होतं. कोरड्या दिवसांतही चामड्याच्या वजनात दहा-पंधरा टक्के पाणी असतं, म्हणजे दीड किलोच्या जाकिटात दोनशे ग्रॅमच्या घरात. जूनच्या दमट हवेत ते आणखी वाढतं. त्याच अवस्थेत पिशवीचं तोंड बांधलं की ते सगळं पाणी आत कोंडलं जातं. दुपारी पिशवी तापते, चामडं वाफ सोडतं. रात्री प्लास्टिक गार होतं आणि आतल्या बाजूला ती वाफ धरते. चार महिने हेच चक्र चालतं. चकचकीत लॅकरचं चामडं तर प्लास्टिकला चिकटून बसतं आणि ओढून काढताना वरचा थरच सुटून येतो.

त्याऐवजी जुनी सुती साडी, धोतर किंवा उशीचा अभ्रा वापरा. धूळ अडते, हवा खेळते. जाकीट रुंद खांद्याच्या हँगरला टांगा, कारण घडी घातली की घडीच्या रेषेवरच ते पुढे चिरतं. बॅगेत, बुटात कागद भरा म्हणजे आकार राहतो. आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी कपाटाचं दार उघडून वस्तू बाहेर काढा, तासभर पंख्याखाली ठेवा. खरं तर चामडं वापरात असलेलंच चांगलं. रोज कमरेला असलेल्या पट्ट्याला बुरशी आलेली क्वचितच दिसते, कपाटात गुंडाळून ठेवलेल्याला हमखास.

हवाबंद ठेवण्याची एक रीत मात्र खरी आहे. फोटोग्राफर लेन्स ठेवतात तशी: रबरी कडेचा डबा, आत भरपूर सिलिका जेल, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आत जाणारी वस्तू आधी नीट वाळलेली हवी आणि मीटरचा काटा पन्नासच्या आसपास राहायला हवा. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या चिमुकल्या पुड्यांवर विसंबू नका. सिलिका जेल फार तर आपल्या वजनाच्या तीस-चाळीस टक्के पाणी धरतं, म्हणजे पाच ग्रॅमची पुडी दोन ग्रॅम. दोनशे ग्रॅम पाण्याच्या जाकिटापुढे ती काय करणार? नारिंगी रंगाचं जेल भरलं की हिरवं होतं, ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं.

मिठाची पुरचुंडी तर मुद्दलातच चुकलेली. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी ओढायला लागतं, त्याखाली नाही. म्हणजे मीठ अगदी चोख काम करेल तेव्हाही पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर राहील, आणि बुरशीला त्याहून कमी चालतं. वर ओलं मीठ पाझरून चामड्याला लागलं तर पांढरे डाग वेगळेच. दुकानात मिळणारे ओल शोषणारे डबे कॅल्शियम क्लोराइडचे असतात. ते पाणी खरंच खेचतात, पण खाली साठलेलं ते पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं आकसून लाकडासारखं कडक होतं आणि पूर्ववत होत नाही. डबा ठेवायचाच तर कपाटाच्या तळाशी, न कलंडेल असा, आणि वस्तू त्यापासून लांब.

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात. बुरशीवर त्यांचा घरगुती प्रमाणात उपयोग नाही, वास मात्र चामड्यात वर्षभर बसतो. घरात तान्हं बाळ असेल तर नॅप्थलीनच्या गोळ्या ठेवूच नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याच्या वाफेने फुटू शकतात.

माळ्याचं काय? मुंबईच्या घरात जागा नसते, हे मान्यच. पण माळा बहुतेक घरांत स्वयंपाकघरात किंवा बाथरूमवर असतो. भाताच्या कुकरची, गिझरच्या पाण्याची वाफ वर चढते ती तिथेच जाऊन थांबते. वरच्या मजल्यावर राहात असाल तर स्लॅब पाझरतो, आणि माळा महिनोन्महिने उघडला जात नाही. आत काय चाललंय ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा बेडरूमच्या कपाटाचा मधला खण बरा, बाहेरच्या भिंतीला टेकलेला नसला तर. भिंत आणि कपाट यांच्यात चार बोटं जागा सोडा. पोपडे धरलेल्या भिंतीला चिकटलेल्या लोखंडी कपाटाला पाठीमागून घाम फुटतो.

एसीबद्दलची भीती अर्धवट माहितीतून आलेली आहे. थंडीने चामडं तडकत नाही. चामड्याची जाकिटं आणि बूट लडाखच्या उणे तापमानात वापरले जातात. मुंबईचा आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२चा, सांताक्रूझला ७.४ अंश. तेवढ्याने काहीच होत नाही. चामडं तडकतं ते दीर्घकाळच्या अतिकोरड्या हवेने, आणि एसीच्या खोलीत आर्द्रता साधारण पन्नास-साठ टक्के असते, म्हणजे चामड्याला मानवेल अशी. रोज एसी चालणारी खोली ही पावसाळ्यात घरातली सर्वांत सुरक्षित जागा आहे.

जपायचं ते बाहेर काढताना. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २५ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एसीत २३ अंशांवर असलेली बॅग दारातून बाहेर नेली की चष्म्यावर येते तशीच वाफ तिच्यावर येते, फक्त चष्म्यावरची दिसते आणि बॅगेवरची चामड्यात मुरते. म्हणून बाहेर पडण्याआधी एसी बंद करून किंवा शेजारच्या खोलीत, सुती पिशवीतच, अर्धा तास राहू द्या. हिमाचलहून परतताना ओलसर जाकीट बॅगेत कोंबून दोन दिवस गाडीत ठेवू नका. अंगावर घाला, नाहीतर बर्थच्या हुकाला टांगा.

फ्रीझरचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. गोठवल्याने बुरशी झोपते, मरत नाही. संग्रहालयांत भिजलेलं चामडं गोठवतात हे खरं, पण ते बुरशी वाढायची थांबावी म्हणून. पुढे निर्वात यंत्रात त्यातला बर्फ थेट वाफ करून काढला जातो. घरी मात्र उणे १८ अंशांचा बूट तुम्ही जुलैच्या दमट हवेत बाहेर काढता. मिनिटभरात तो दवाने चिंब होतो. बुरशीला याहून काय हवं!

कडक ऊन वरची बुरशी वाळवतं, पण चामड्यातलं स्निग्धही ओढून घेतं आणि रंग उडवतं. भिजलेलं चामडं तर कोरड्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला आकसतं. म्हणून ट्रेकहून आलेले ओले बूट उन्हात, गॅसजवळ किंवा फ्रीजच्या मागे ठेवू नयेत. आतला सोल काढा, वर्तमानपत्र भरा, ते ओलं झालं की बदला, आणि पंख्याखाली ठेवा. पहिल्या दिवशी कागद दर दोन-तीन तासांनी बदलावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण काम करतं.

आणि बुरशी आलीच असेल तर? वस्तू गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, तोंडाला मास्क बांधा, घरात दम्याचं कोणी असेल तर आणखी लांब जा. आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर बुरशी रंध्रांत दाबली जाते. मग केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं जेमतेम ओलं करा, आतल्या बाजूला कुठेतरी लावून रंग सुटत नाही ना बघा, मगच पुसा. खिशांचं अस्तर उलटं करून तेही पुसा. सावलीत पंख्याखाली दोन दिवस वाळवा. ज्या कपाटातून वस्तू काढली तेही पुसलं नाही तर पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या लवीच्या चामड्याला, मात्र पाणी-अल्कोहोल लावू नका, फक्त ब्रश.

मेसेज ज्याबद्दल एक शब्दही बोलत नाही अशी एक गोष्ट राहिली. पुष्कळ ‘चामड्याच्या’ पर्सा आणि जाकिटं प्रत्यक्षात कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेली असतात. दमट हवेत पाण्याने हा थर आतून तुटत जातो आणि दोन-चार वर्षांत कपच्या निघायला लागतात. हा बुरशीचा दोष नाही, आणि कुठलंही तेल त्यावर चालत नाही. कापलेली कड बघा: तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण दिसली तर रेक्झिनची जात.

तेल किंवा कंडिशनर चामड्याला लागतं, हे मेसेजमध्ये बरोबर आहे. फक्त वेळ उलटी सांगितली आहे. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात वस्तू आठवडाभर सावलीत मोकळ्या हवेत ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जमिनीवरून कोरडे वारे येतात तेव्हा चामडं पाणी सोडतं आणि कोरडं पडतं. तेव्हा चामड्यासाठीचं कंडिशनर घ्या, वाटाण्याएवढं, फडक्यावर, पातळ हाताने, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पुसून टाका. मे महिन्यात फक्त कोरड्या फडक्याने घाम-धूळ काढायची, तेलाची बाटली उघडायची नाही.